एका मुंगीची तीन नावे

वडिलांच्या पश्चात जी ट्रंक आमच्या वाट्यास आली, तिच्यात जुन्या पावत्या, पंचांगे आणि रेल्वेची वेळापत्रके यांच्या तळाशी एक आगपेटी निघाली. आत कापसाच्या थरावर, डांबरगोळीच्या भुकटीत, एक वाळलेला कीटक होता. पेटीच्या आतल्या बाजूस वडिलांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती : ‘गांधीलमाशी. कॅसलरॉक. जून १९६९.’

ती रात्र आम्हांस चांगली आठवते. आमचे बालपण कॅसलरॉकच्या रेल्वे वसाहतीत गेले. पहिला मोठा पाऊस होऊन गेला की त्या रात्री कंदिलाभोवती पंखवाल्या कीटकांचा जो मेळा जमे, त्याची कल्पना घाटावरच्या कोरड्या गावांतील माणसास येणार नाही. वाळवीच्या पंखांचा तर पडवीत थर साचे. त्या रात्री मात्र एक जाड, मधाच्या रंगाचा, जवळजवळ इंचभर लांबीचा कीटक कंदिलाच्या काचेवर आपटून खाली पडला आणि जमिनीवर गिरक्या घेऊ लागला. आईने आम्हां मुलांना मागे ओढले. वडिलांनी त्यावर पेला उपडा घातला. सकाळी तो मेलेला होता. शेजारच्या मास्तरांनी पाहून ‘गांधीलमाशी’ असा निर्णय दिला आणि वडिलांनी तो लिहून ठेवला. मास्तरांचा शब्द त्या काळी अखेरचा असे.

सेवानिवृत्तीनंतर वेळ हाताशी आला. एका पुस्तकप्रेमी स्नेह्याकडून बिंगहॅम यांच्या ग्रंथाची प्रत मिळाली. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतील मुंग्यांवरचा हा खंड १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो उघडून, भिंगाखाली ती आगपेटी ठेवून आम्ही बसलो, ते केवळ चाळा म्हणून. त्या चाळ्यातून जे हाती लागले ते प्रस्तुत लेखात वाचकांपुढे ठेवीत आहोत. विषय मुंगीचा असला तरी कथा इतिहासाची आहे. आणि ती ज्या खात्यांबरोबर आपले आजे-पणजे या सरहद्दीवर आले, त्याच खात्यांतील माणसांच्या हातून काही अंशी घडलेली आहे.

प्रथम शरीररचना. गांधीलमाशी बसली असता आपले पुढचे पंख लांबीच्या बाजूने, कागदाची घडी घालावी तसे, दुमडून ठेवते. आमच्या आगपेटीतील कीटकाचे पंख सपाट होते. गांधीलमाशीच्या मिशा, म्हणजे शास्त्रीय भाषेत शृंगिका, साधारण कमानदार असतात. मुंगीच्या शृंगिकेचे पहिले पेर लांब असते आणि त्यापुढे ती कोपरात दुमडावी तशी वाकते. आमच्या कीटकाच्या शृंगिका अशाच कोपरासारख्या वाकलेल्या होत्या. सुईच्या टोकाने एकेक पेर मोजले, तेव्हा तेरा भरली. मुंग्यांच्या नरांत बहुधा इतकीच पेरे असतात. मादीत आणि कामकऱ्यांत ती बारा किंवा त्याहून कमी.

त्यानंतर कंबर. मुंगी ओळखण्याची खरी खूण कंबरेत आहे. वक्ष आणि उदर यांच्यामध्ये एक किंवा दोन सुटी पेरे असतात, आणि त्यांवर बहुधा गाठीसारखा उंचवटा असतो. एक गाठ की दोन, यावरून मुंग्यांचे मोठमोठे गट पाडता येतात. आमच्या कीटकाच्या कंबरेस एकच गाठ होती. डोके लहान, पण डोळे टपोरे आणि काळे. माथ्यावर आणखी तीन बारीक साधे डोळे. जबडे विळ्यासारखे वाकलेले. उदर लांब, गोल आणि जाड, एखाद्या वळकटीसारखे, वर सोनेरी लव. नांगी शोधून सापडली नाही. सापडणार तरी कोठून? मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या यांच्यात नांगी मादीच्या जातीला असते, नराला नसते. आईने आम्हांस मागे ओढले, त्याची काही आवश्यकता नव्हती.

पुस्तकातील तक्त्यानुसार एकेक पायरी उतरत गेलो आणि ‘डोरायलस’ या नावापाशी येऊन थांबलो. आगपेटीत गांधीलमाशी नव्हती. ती मुंगी होती, आणि मुंगीचा पंखवाला नर होता. आमच्या भिंगाची आणि ज्ञानाची मर्यादा लक्षात घेता नेमक्या जातीपर्यंत जाण्याचे धाडस आम्ही केले नाही. त्यासाठी नराची जननेंद्रिये तपासावी लागतात आणि ते काम तज्ज्ञाचे आहे. वंश मात्र निश्चित झाला. डोरायलस वंशात साठेक जाती आहेत आणि त्यांतील बहुतेक सर्व आफ्रिकेतल्या. आफ्रिकेतील वाटेत येईल ते फस्त करीत जाणाऱ्या, लाखोंच्या फौजेने निघणाऱ्या ज्या मुंग्या आपण ऐकून असतो, त्या याच वंशातल्या. त्यांचे मोजके भाऊबंद भारतात आणि पूर्वेकडे आहेत. ‘डोरायलस ओरिएंटॅलिस’ हे नाव वेस्टवुड यांनी १८३५ मध्ये आणि ‘डोरायलस लेबिएटस’ हे शकर्ड यांनी १८४० मध्ये दिले. दोन्ही नावे भारतातून गेलेल्या नरांवरून पडली आहेत.

मास्तरांचा निर्णय चुकला असे वाटून आम्हांस क्षणभर ओशाळवाणे झाले. परंतु पुढे वाचता असे दिसले की मास्तरांना फार मोठी सोबत आहे. या कीटकाला प्रथम नाव दिले ते प्रत्यक्ष लिनियसने, १७६४ साली. सजीवांना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देण्याची पद्धत ज्याने रूढ केली, तोच हा स्वीडिश पंडित. स्वीडनच्या राणी लोविसा उल्रिका यांच्या संग्रहात आफ्रिकेच्या दक्षिण टोकाहून, केप ऑफ गुड होपहून, आलेला एक नमुना होता. लिनियसने त्यास नाव दिले ‘वेस्पा हेल्वोला’. वेस्पा म्हणजे गांधीलमाशी. हेल्वोला म्हणजे फिकट मधाळ पिवळी. कॅसलरॉकच्या मास्तरांनी जी चूक १९६९ मध्ये केली, तीच दोनशे पाच वर्षांपूर्वी लिनियसने केली होती, आणि दोघांनाही दिसला तो फक्त नर.

लिनियसचा शिष्य फॅब्रिशियस याने १७९३ मध्ये हा कीटक गांधीलमाश्यांतून बाहेर काढला आणि त्यासाठी डोरायलस हा स्वतंत्र वंश स्थापिला. तरीही ही मुंगी आहे, हे सर्वमान्य व्हावयास आणखी अर्धे शतक जावे लागले. तोवर १८३९ मध्ये इंग्लंडच्या वेस्टवुड यांनी काही बारीक, तांबूस, पूर्णपणे आंधळ्या कामकरी मुंग्यांसाठी ‘टिफ्लोपोन’ नावाचा वंश निर्माण केला. टिफ्लोस या ग्रीक शब्दाचा अर्थच आंधळा. या मुंग्यांना डोळ्यांची खूणसुद्धा नसते. पुढे १८६३ मध्ये जर्मनीच्या गेर्स्टेकर यांच्यापुढे जावाहून आलेला एक विलक्षण कीटक आला. पंख नाहीत, डोळे नाहीत, देह मोठा आणि उदर तर अवाढव्य. त्यांनी त्यासाठी तिसरा वंश केला, ‘डिक्थॅडिया’.

डोरायलस, टिफ्लोपोन, डिक्थॅडिया. तीन पंडित, तीन वंश, तीन नोंदी. आज आपणांस ठाऊक आहे की डोरायलस हा नर, टिफ्लोपोन ही कामकरी आणि डिक्थॅडिया ही राणी. एकाच घराण्यातील बाप, मुली आणि आई तीन निरनिराळ्या कपाटांत, तीन निरनिराळ्या आडनावांनी टाचून ठेवलेली होती.

यात पंडितांचा निष्काळजीपणा नव्हता, हे आवर्जून सांगावयास हवे. त्यांनी जे पाहिले ते अचूक पाहिले आणि अचूक लिहिले. नराचे डोळे टपोरे, कामकरीचे नाहीतच. नराला पंख, राणीला नाहीत. नर इंचभर, कामकरी ज्वारीच्या दाण्याहून लहान. यांना एकत्र आणावे असे त्यांच्या देहात सहजासहजी दिसत नाही. उणीव निराळीच होती. लंडन, बर्लिन आणि स्टॉकहोम येथल्या टेबलांवर हे जीव सुटे सुटे पोहोचले होते. नर दिव्यावर सापडला, कामकरी मातीत सापडली, राणी क्वचितच कोणाच्या हाती लागली. ज्या वारुळात ती तिघे एकत्र राहतात, ते वारूळ कोणाच्याच टेबलावर आले नव्हते.

हा गुंता सुटू लागला तो पश्चिम आफ्रिकेत. थॉमस सॅव्हेज नावाचे एक अमेरिकन मिशनरी डॉक्टर लायबेरियातील केप पाल्मास येथे राहत. गोरिलाचे शास्त्रीय वर्णन १८४७ मध्ये ज्यांनी जगापुढे आणले, तेच हे सॅव्हेज. फौजेने निघणाऱ्या मुंग्या त्यांच्या घरात शिरत आणि घरच्या माणसांना बाहेर पडावे लागे. त्यामुळे त्यांस निरीक्षणाची संधी आयतीच मिळाली. या मुंग्यांविषयी १८४७ आणि १८४९ मध्ये त्यांनी जे लिहिले, त्यात कामकरी मुंग्यांच्या रांगांत डोरायलसचे नर आढळल्याची नोंद आहे. यावर एक शंका कोणालाही यावी. ज्या मुंग्या वाटेतला प्रत्येक कीटक उचलून नेतात, त्यांच्या रांगेत एखादा कीटक दिसला म्हणून तो त्यांचा सोयरा कसा? तो भक्ष्य कशावरून नसेल? या शंकेचे उत्तर पुन्हा पुन्हा पाहण्यानेच मिळाले. नर कामकऱ्यांच्या तावडीत सापडतो तेव्हा त्या त्याचे पंख तोडतात, पण त्यास फाडून खात नाहीत. सोबत घेऊन राणीकडे नेतात. ‘मुंगीला पंख फुटले की तिचे मरण जवळ आले’ असे आपल्याकडे म्हणतात. या नराच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे.

राणीची ओळख आणखी लांबली. केपमधील रोलँड ट्रायमेन यांनी १८८० मध्ये एका मादीविषयी लंडनच्या कीटकशास्त्रीय संस्थेस कळविले, आणि ती लिनियसच्या त्याच हेल्वोलसची मादी असावी असे सुचविले. नर ज्ञात झाल्यानंतर त्याची सहचारिणी ओळखू येण्यास ११६ वर्षे लागली. पुढे इटलीचे कार्लो एमेरी यांनी १८९५ मध्ये या संपूर्ण वंशाची नव्याने मांडणी केली. नामकरणाच्या नियमानुसार सर्वांत जुने नाव टिकते, म्हणून घराण्याचे नाव डोरायलस राहिले. टिफ्लोपोन आणि डिक्थॅडिया ही नावे पुसली गेली नाहीत. त्या वंशातील पोटविभागांची नावे म्हणून ती आजही वापरात आहेत.

आता आपल्या इलाख्याकडे वळू. उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ पर्यंत तेथेच राहिला. म्हणून आपल्या या जंगलांचा निसर्गेतिहास मुंबईत लिहिला गेला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १५ सप्टेंबर १८८३ रोजी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी गृहस्थ होते, याचा आपणांस रास्त अभिमान वाटावा. त्याच आठांत एडवर्ड हॅमिल्टन एटकेन होते. त्यांचा जन्म १८५१ मध्ये साताऱ्यास झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी काही वर्षे लॅटिन शिकविले आणि त्यानंतर ते जकात व मीठ खात्यात दाखल झाले. कारवारच्या बाजूच्या जंगलातील जीवसृष्टीवर त्यांनी लिहिलेले पुस्तक १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. गोव्याच्या सरहद्दीवरील जकात नाक्यांवर हिवतापाने शिपाई आजारी पडत, त्याची चौकशी करण्याचे काम १९०२ मध्ये त्यांच्याकडे आले, आणि त्या कामात त्यांस डासाची एक नवी जात सापडली. ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कॅसलरॉक हे त्या सरहद्दीवरचे रेल्वेचे नाके होते, हे येथील जुन्या घरांना सांगावयास नको.

दुसरे नाव रॉबर्ट चार्ल्स रॉटन यांचे. हे १८७१ ते १९०४ या काळात वनखात्यात होते. फिरतीवर असता त्यांनी मुंबई इलाख्यातील मुंग्या जमविल्या आणि ‘आपल्या मुंग्या’ या अर्थाच्या मथळ्याने १८९२ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिले. नमुन्यांची पारख स्वित्झर्लंडचे ऑगस्ट फोरेल करीत. फोरेल हे व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ. झुरिकच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख. रुग्णांतून वेळ काढून त्यांनी हिंदुस्थान व सिलोन येथील मुंग्यांवर लिहिलेली फ्रेंच लेखमाला मुंबईच्या त्याच नियतकालिकात १८९२ ते १९१३ अशी एकवीस वर्षे चालली. स्वित्झर्लंडने पुढे हजार फ्रँकच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले आणि नोटेच्या मागे मुंग्या काढल्या.

यांपैकी कोणाचाही मुंगी हा व्यवसाय नव्हता. त्यांच्याही आधी, १८३५ मध्ये, पुण्याकडील धान्य साठविणाऱ्या मुंगीचे वर्णन करणारे कर्नल साईक्स हे मुंबई सरकारच्या आकडेवारीचे अधिकारी होते. बिंगहॅम प्रथम लष्करात आणि नंतर ब्रह्मदेशाच्या वनखात्यात होते. दौरा, तपासणी, अहवाल आणि वरिष्ठांची पत्रे हे त्यांचेही रोजचे काम. ज्याने सरकारी नोकरीत हयात घालविली, त्यास त्यांच्या या उद्योगाचे मोल थोडे अधिक कळते.

रॉटन यांचा एक शोध आमच्या विषयास नेमका लागू पडतो. डोरायलससारखाच फौजेने फिरणारा, पण आकाराने लहान असा मुंग्यांचा एक गट आपल्याकडे आहे. त्यातील पंखवाल्या नरांसाठी शकर्ड यांनी १८४० मध्ये ‘ईनिक्टस’ हा वंश केला होता, आणि कामकऱ्यांसाठी फ्रेडरिक स्मिथ यांनी १८५७ मध्ये ‘टिफ्लॅटा’ हा. पुन्हा तीच कथा. ही दोन्ही एकच, हे रॉटन यांच्यामुळे उघड झाले. फोरेल यांनी १८९० मध्ये याविषयी जो लेख प्रसिद्ध केला, त्याच्या मथळ्यातच ‘श्री. रॉटन यांचा शोध’ असे शब्द घातले. जो हक्क ज्याचा, तो त्यास मथळ्यात देणारा वरिष्ठ विरळा. त्यानंतर ईनिक्टस वंशातील एका जातीला रॉटन यांचे आणि दुसरीला एटकेन यांचे नाव मिळाले.

या शोधात शरीररचनेचा एक मोठा धडा आहे. कंबरेच्या गाठी मोजणे ही मुंगी ओळखण्याची खात्रीची रीत, असे आम्ही वर म्हटले. ईनिक्टसच्या कामकरी मुंगीस कंबरेला दोन गाठी असतात. तिच्याच भावाला, म्हणजे नराला, एकच असते. केवळ मोजणीवर विसंबलेला मनुष्य या दोघांना दोन निरनिराळ्या गटांत टाकील आणि त्याची मोजणी मात्र शंभर टक्के बरोबर असेल. देह काय आहे हे भिंगातून कळते. तो कोणाचा आहे हे कळण्यासाठी तो जेथे राहतो तेथे जावे लागते. पुढे डीएनएच्या तपासणीने याच दिशेने आणखी पाऊल टाकले. ज्या मुंग्यांना अनेक स्वतंत्र उपकुलांत विभागले होते, त्या सर्वांना २०१४ मध्ये डोरायलिनी या एकाच उपकुलात आणण्यात आले. ईनिक्टस आणि डोरायलस आज एका छताखाली आहेत.

आफ्रिकेशी नाते सांगणारी आणखी एक नोंद आमच्या परिसरात आहे आणि तिच्यावरही रॉटन यांचेच नाव आहे. सेवानिवृत्तीनंतर ते लंडनमध्ये सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीचे काम करीत. खानापूर तालुक्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत लांब कानांचे एक वटवाघूळ सापडले, तेव्हा ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये त्यास रॉटन यांचे नाव दिले. त्याच वंशातले दुसरे वटवाघूळ त्यापूर्वी, १८९७ मध्ये, पूर्व आफ्रिकेतून वर्णिले गेले होते. कॅसलरॉकहून ही गुहा काही फार दूर नाही. मुंग्यांसाठी आयुष्य वेचलेल्या वनाधिकाऱ्याचे नाव आपल्या डोंगरात एका वटवाघळाने जपले आहे.

पुन्हा कॅसलरॉककडे येतो. हे सर्व वाचून झाल्यावर आम्हांस एका गोष्टीची आठवण झाली. वसाहतीच्या मागच्या बाजूस आईचा रताळ्यांचा वाफा होता. रताळी खणताना, किंवा शेणखताचा ढीग उपसताना, कधी कधी बारीक तांबूस मुंग्यांचा लोंढा बाहेर पडे. लहान-मोठ्या सर्व आकारांच्या, उजेडात गोंधळलेल्या. आई त्यांस नुसते ‘मातीतल्या मुंग्या’ म्हणे. त्या डोरायलसच्या कामकरी होत्या असे आज छातीठोकपणे सांगता येणार नाही. परंतु वर्णन जुळते, आणि आपल्याकडची डोरायलस बटाटा व भुईमूग यांसारखी जमिनीतली पिके पोखरते हे सिद्ध आहे. तसे असेल तर एकाच घराण्याचे दोन भाग आमच्या घराच्या दोन बाजूंना राहत होते. एकाला आम्ही पडवीत गांधीलमाशी म्हणत होतो, दुसरीला परसात मातीतली मुंगी. मध्ये फक्त आमचे घर होते.

येथे एक गोष्ट कबूल करावीशी वाटते. सेवेच्या मधल्या काळात आम्ही एका तालुक्याच्या कचेरीत असता एका वृद्धेचा वारसा नोंदीचा अर्ज आमच्यापुढे आला. पतीच्या पश्चात उरलेला एक लहानसा तुकडा तिच्या नावावर व्हावयाचा होता. तिच्याजवळ तीन कागद होते आणि तीन कागदांवर तीन नावे. एकावर माहेरचे, एकावर सासरी ठेवलेले, आणि एकावर कानडी लेखनिकाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले तिसरेच. आपल्या सरहद्दीवरील घरांत असे कागद कोणाकडे नाहीत? आम्ही नावे ताडून पाहिली, ती जुळली नाहीत, आणि ‘नावांत तफावत, ओळख पटत नाही’ असा शेरा मारून अर्ज परत केला. दुसऱ्यांदा आला तोही त्याच शेऱ्याने परत गेला. नियमानुसार आमचा शेरा बरोबर होता. आजही कोणी तपासणी केली तर त्यात चूक निघणार नाही. तिचे गाव जीपने तासाभराच्या अंतरावर होते. तेथे ती तीन नावे असलेली बाई एकच आहे, हे शेंबड्या पोरानेही सांगितले असते. तिसऱ्या खेपेस तिचा मुलगा आला. त्याने आणलेल्या अर्जात आईच्या नावामागे ‘कै.’ होते. नोंद तेव्हा झाली, त्याच्या नावावर.

लिनियस आणि वेस्टवुड यांच्या चुका वाचताना हा अर्ज आमच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. फरक इतकाच की आफ्रिकेच्या केपपर्यंत जाणे लिनियसला शक्य नव्हते. आम्हांस जीप होती.

संग्रहालयांची एक रीत या वाचनात कळली. एखाद्या नमुन्याची ओळख पुढे चुकीची ठरली तरी त्याची जुनी चिठ्ठी काढून टाकीत नाहीत. तीच टाचणी, तिच्यावर जुनी चिठ्ठी, आणि तिच्याखाली नवी. ज्याने प्रथम पाहिले, कोठे पाहिले, कोणत्या दिवशी पाहिले, हे पुढच्या माणसास हवे असते. त्याने दिलेले नाव चुकलेले असले तरीही. आम्ही तसेच केले. वडिलांची चिठ्ठी जागच्या जागी ठेवली आणि तिच्याखाली आमच्या अक्षरात लिहिले : ‘डोरायलस, नर. जात अनिश्चित.’ खाली तारीख घातली. आणखी कोणी जाणकार भेटला तर तिसऱ्या चिठ्ठीस पेटीत जागा आहे.

वाचकांस एक विनंती. जोयडा, लोंढा, तिनईघाट, अनमोड या पट्ट्यातील जुन्या घरांत पहिल्या पावसाच्या रात्री दिव्यावर येणाऱ्या या जाड, मधाळ कीटकास काही निराळे नाव असल्यास, अथवा रताळ्याच्या वाफ्यातील त्या आंधळ्या तांबूस मुंग्यांस काही नाव असल्यास, ते मंडळाकडे अवश्य लिहून कळवावे. गोव्याकडे झाडावरच्या लाल मुंग्यांना हुमले म्हणतात, हे सर्वांस ठाऊक आहे; जमिनीखालच्यांचे नाव मात्र आमच्या ऐकण्यात नाही. आमच्या आईस ते ठाऊक होते की नाही, हे विचारावयाचे राहून गेले. नाव कळविताना गाव आणि सांगणाऱ्याचे वय तेवढे नमूद करावे. दोन घरांतून दोन नावे आली तरी चालेल. दोन्ही नोंदवून ठेवू.